आवाजाची जबाबदारी माझी

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरवर लिनक्स आलं ते माझ्या हट्टामुळे, आणि टिकलं तेही हट्टामुळेच. मी साताऱ्यात एका हायस्कूलमध्ये गणित शिकवतो. काही वर्षांपूर्वी शाळेच्या संगणक-खोलीत ते बसवलं आणि आम्हा शिक्षकांना त्याचं चार दिवसांचं प्रशिक्षण दिलं. बाकीच्यांनी तिथला नाश्ता लक्षात ठेवला, मी लिनक्स लक्षात ठेवलं. घरी आल्यावर पहिलं काम केलं ते आधीची सिस्टिम पुसून टाकण्याचं. तिच्याबरोबर बायकोचे माहेरचे फोटोही गेले, पण त्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही, कारण ती हे वाचणार आहे.

तेव्हापासून त्या कॉम्प्युटरला घरात ‘ह्यांचं मशीन’ म्हणतात. दुसरं कुणी त्याला हात लावत नाही, आणि याला मी आदर समजत आलो. माझ्या मशीनला व्हायरस लागत नाही, हे मी आल्यागेल्याला सांगतो, त्यानं विचारलं नसलं तरी. माउसनं टिचक्या मारत काम करणाऱ्यांची मला मनातून कीव येते. मी काळी खिडकी उघडतो, तिच्यात पांढऱ्या अक्षरांत हुकूम टाइप करतो आणि मशीन ऐकतं. नववी ब ऐकत नाही, घरात कुणी ऐकत नाही, हे मात्र ऐकतं. एवढं एक ठिकाण माणसाला लागतंच.

तर माझ्या भाचीचं लग्न जमत होतं. माझी थोरली बहीण, आक्का, रहिमतपूरला दिलेली. दाजींची ऊसशेती, घर मळ्यात. त्यांची एकुलती एक मुलगी तिथल्याच दूध संकलन केंद्रावर दूध तपासायचं काम करते. फॅट किती, पाणी किती हे ती सांगते आणि भलेभले गवळी तिच्यापुढं मान खाली घालतात, असं दाजी कौतुकानं सांगतात. स्थळ सांगलीकडचं होतं. मुलगा फौजेत, पार ईशान्येला सरहद्दीवर. वडील निवृत्त सुभेदार. फोटो पसंत पडले, शिक्षण आणि शेती बघून झाली. अडलं एवढ्यावरच की मुलाला रजा मिळेना. मिळाली तर एकदम लग्नालाच मिळणार होती. मग ठरलं की पाहण्याचा कार्यक्रम व्हिडिओ कॉलवर करायचा, रविवारी सकाळी अकराला. मुलाकडं त्या सुमाराला तासभर रेंज बरी असते.

कॉल माझ्या मशीनवर होईल हे मीच जाहीर केलं. आक्काच्या मळ्यात मोबाइलवर नुसतं बोलता येतं, व्हिडिओ लावला की समोरच्याचं तोंड उघडं ते उघडंच राहतं. शिवाय वीतभर पडद्यात जावई बघणं मला कमीपणाचं वाटलं. आणि मी मामा. आमच्याकडं लग्नात मामा मुलीच्या पाठीशी उभा राहतो, पण त्याआधी बोलणीत तो सगळ्यांच्या पुढं बसतो. दाजी अबोल आहेत. “मास्तर बोलतील त्ये बरोबर,” एवढंच त्यांचं म्हणणं असतं. थोडक्यात, मामा व्हय म्हणाला की घर व्हय म्हणालं.

रविवारी सकाळी नऊलाच तिघं साताऱ्यात आली. बायको पोह्यांच्या गडबडीत होती. भाचीनं मला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं.

“मामा, मला त्यास्नी एकच प्रश्न इचारायचाय,” ती म्हणाली. “त्याचं उत्तर मला त्यांच्या तोंडनं ऐकायचंय. मधी कुणी बोलायचं न्हाई. त्यावरच मी काय ते ठरवनार.”

आमच्या आणि त्यांच्या, दोन्ही घरांचं जुनं वळण असं, की सुपारी फुटायच्या आधी मुलामुलीनं एकमेकांचा नंबर घ्यायचा नाही. म्हणजे तिला जे विचारायचं ते सगळ्यांदेखत, त्या तासाभरातच. काय विचारायचंय ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नोकरीचंच असणार, असं मी धरून चाललो. हल्लीच्या मुली दुसरं काय विचारतात!

“तू बिनघोर रहा,” मी म्हटलं. “आवाजाची जबाबदारी माझी.”

साडेदहाला मी चाचणी घेतली. बाहेरच्या खोलीत गलका चालला होता, म्हणून शाळेच्या ऑनलाइन वर्गांसाठी घेतलेले बिनवायरीचे हेडफोन कानावर चढवले. आवाज खणखणीत आला. मी हेडफोन काढले आणि टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकले, कारण मुलीचा मामा डोक्याला ते कडं घालून पाहुण्यांसमोर बसलेला बरा दिसत नाही. ड्रॉवर नीट लावून घेतला. मशीनच्या दोन्ही बाजूंना ठेवलेले स्पीकर फडक्यानं पुसले, त्यांची तोंडं सोफ्याकडं वळवली.

अकराला कॉल लागला. पडद्यावर दोन चौकोन आले. एकात सुभेदार आणि त्यांची मंडळी, मागं भिंतीवर पदकांची चौकट. दुसऱ्यात मुलगा, गणवेशात, ताठ. चित्र असं स्वच्छ होतं की सुभेदारांच्या मिशीचे केस मोजावेत. सुभेदारांनी हात जोडले आणि त्यांचे ओठ हलू लागले. आवाज मात्र कणभर नव्हता.

आता इथं कुणीही शहाणा माणूस काय म्हणेल? म्हणेल, “थांबा हो, आम्हाला ऐकू येत नाही.” मी तसं म्हटलं नाही. मुलीकडच्यांनी पहिलंच वाक्य तक्रारीचं काढायचं? तेही मी, ज्यानं दाजी आल्यापासून त्यांना दोनदा सांगितलं होतं की या मशीनवर आवाजाची अडचण कधी येत नाही? शिवाय आमच्या भागात फोनवर ऐकू आलं नाही तर ‘काय?’ म्हणून तिसऱ्यांदा कुणी विचारत नाही. ‘व्हय, व्हय’ म्हणायचं, ‘बरं, ठेवू का?’ म्हणायचं आणि ठेवून द्यायचं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सोयरिकी यावर टिकल्या आहेत. मी हसून मान हलवली आणि म्हणालो, “व्हय, व्हय. नमस्कार.”

आमचा आवाज त्यांना जात होता, कारण सुभेदारही हसले आणि पुढं बोलू लागले. सोफ्यावरच्या दाजींना वाटलं, आवाज बारीक असेल, मास्तर जवळ बसलेत, त्यांना येतोय. त्यांनी मान हलवली. दाजींची मान हललेली बघून आक्कानं हलवली. आम्ही तिघं एका तालात माना हलवत होतो, आणि ऐकलं कुणीच काही नव्हतं.

तोंडानं मी हसत होतो, पण हात चालू होते. पडद्याच्या कोपऱ्यात काळी खिडकी उघडून मी अल्सामिक्सर लावला. लिनक्समधली ही आवाजाची फळी. उभ्या रंगीत पट्ट्या, बाणाचं बटण दाबलं की चढतात. सगळ्या पट्ट्या आधीच वर होत्या. मी त्या शेंड्याला नेल्या. आवाज नाही. मी ध्वनीची यंत्रणा थांबवून पुन्हा चालू करण्याचा हुकूम टाइप करायला घेतला. याच सुमाराला माझ्या खुर्चीला लागून बसलेली भाची जराशी पुढं वाकून काहीतरी बोलली. मी त्या वेळी हुकमातलं एक अक्षर चुकलो होतो, ते खोडत होतो.

वर बघितलं तर पडद्यावरचा मुलगा स्तब्ध झाला होता. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सरळ कॅमेऱ्यात बघून बोलू लागला. मिनिटभर तरी बोलला असेल. मधे एकदा थांबला, पुन्हा बोलला. शेजारच्या चौकोनात त्याच्या आईचं हसू मावळलं, सुभेदारांनी खाली बघितलं. मुलगा बोलायचा थांबला आणि वाट बघू लागला. माझ्यामागं खोलीत कुणी हललं नाही. सगळे माझ्याकडं बघत होते.

“अगदी बरोबर बोललात,” मी म्हणालो. “आमची काहीच हरकत नाही.”

पलीकडं सुभेदारांनी मान वर केली, मग हात जोडले. थोड्या वेळानं मुलाचा चौकोन काळा झाला. त्याची रेंज गेली. कॉल संपला. भाचीनं माझ्याकडं वळून विचारलं, “मामा, मला आजाबात ऐकू आलं न्हाई. काय म्हनले?”

खरं सांगायची तेवढी एक वेळ होती.

“चांगलं बोलला पोरगा,” मी म्हटलं. “समजूतदार आहे. सविस्तर सांगतो नंतर.”

तिनं माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. दुधाकडं ती कशी बघत असेल, ते मला कळलं. मग ती उठून पोह्यांच्या ताटल्या गोळा करायला गेली. दुपारच्या गाडीनं तिघं परत गेली. आक्का जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “तू हाईस म्हनून बरं हाय रं.”

मग मी मशीनला भिडलो. त्या दुपारी माझी खात्रीच झाली होती की आवाज परत आला की ते उत्तरही कुठूनतरी सापडेल, किंवा निदान माझा दोष तरी कमी होईल. मी साउंड कार्डांची यादी काढली. ड्रायव्हर काढून पुन्हा बसवला. स्पीकरच्या वायरी उपसल्या, फुंकल्या, पुन्हा खोचल्या. बायको चहा ठेवायला आली.

“आवं, त्या कोपऱ्यातल्या भोंग्याच्या चित्रावर दाबून बघा की,” ती म्हणाली. “माझ्या मोबाइलवर तिथंच लिहून येतंय, आवाज कुठं चाललाय त्ये.”

“हे मोबाइल नाही,” मी म्हटलं.

मग मी लिनक्सवाल्यांच्या एका चर्चापीठावर मदत मागितली. तासाभरात कुणीतरी उत्तर दिलं: आधी आउटपुट कोणतं निवडलेलं आहे ते बघा. मला राग आला. मी काय कालचा आहे? मी त्याला चांगलं खरमरीत लिहिलं की मी प्राथमिक पायऱ्या कधीच ओलांडल्या आहेत, आणि पुराव्यादाखल मशीननं ओकलेला दोनशे ओळींचा अहवाल खाली चिकटवला. त्या अहवालात सुरुवातीलाच, ठळक, माझ्या हेडफोनचं नाव होतं. मी चिकटवलेलं मीच वाचलेलं नव्हतं.

चारच्या सुमाराला माझ्या गुडघ्याजवळून एक बाई इंग्रजीत म्हणाली, “बॅटरी लो.” मी दचकलो. थोड्या वेळानं ती पुन्हा तेच म्हणाली. मी ड्रॉवर उघडला. स्टेपलर, जुनी लग्नपत्रिका, खडूचा डबा, आणि त्यांच्यामध्ये हेडफोन, निळा दिवा लुकलुकतोय. कानाजवळ धरले तर मी दुपारपासून वाजवत असलेला चाचणीचा सूर त्यात शांतपणे वाजत होता. मशीनमध्ये काहीही बिघडलेलं नव्हतं. जे हेडफोन मी निवडून दिले होते, त्यांच्यातच ते इमानेइतबारे आवाज पाठवत होतं. सुभेदारांचा नमस्कार, त्यांच्या मंडळींच्या गप्पा, आणि टोपी मांडीवर ठेवून त्या मुलानं दिलेलं उत्तर, सगळं खडूच्या डब्याला ऐकवलं गेलं होतं.

मला हसू आलं. अगदी मोठ्यानं हसलो. बायकोला हाक मारून दाखवणार, तेवढ्यात मोबाइल वाजला. सुभेदार होते.

“मास्तर, आमी बसून बोललो,” ते म्हणाले. “त्यानं त्येवढं सांगून बी तुमी हरकत न्हाई म्हनलासा, ह्यो तुमचा मोठेपना. येत्या रईवारी सुपारी फोडाय येतो. दाजींस्नी सांगा.”

‘तेवढं’ म्हणजे काय, हे विचारायला माझी जीभ उचलली नाही. मी म्हणालो, “व्हय, व्हय.” ठेवला.

त्यानंतर मात्र मला हसू आलं नाही. त्या मुलानं असं काय सांगितलं असेल, की आईचं हसू मावळावं? आणि मी काय चीज आहे, की त्याला हरकत नाही म्हणावं? माझ्या भाचीनं त्या एका उत्तरावर सगळं ठरवायचं म्हटलं होतं. ते उत्तर मी ड्रॉवरमध्ये घातलं, आणि तिचा निर्णयही परस्पर देऊन टाकला. रात्रभर मी स्वतःला शिव्या घातल्या.

सोमवारी शाळेतून अर्धी रजा टाकून मी रहिमतपूरची एस. टी. धरली. वाटेत मनाशी सगळं मांडून ठेवलं. मळ्यात पोचलो तेव्हा भाची केंद्रावरून नुकतीच आली होती. ओट्यावर बसून मी तिला सांगायला सुरुवात केली, आणि माझ्या लक्षात आलं की मी हेडफोन आपोआप कसे जोडले जातात हे समजावतोय. अल्सामिक्सरमध्ये ते का दिसत नाहीत, याच्यावरही मी पाच मिनिटं घालवली. तिनं ऐकून घेतलं.

“म्हंजी तुमाला कायच ऐकू आलं नव्हतं,” ती म्हणाली.

“न्हाई.”

“आन चांगलं बोलला म्हनून सांगितलंत.”

“चुकलं माझं,” मी म्हणालो. “मी सुभेदारांना खरं सांगतो. पुन्हा कॉल लावू. या वेळी आवाज शंभर टक्के येणार. तू परत विचार तुझा प्रश्न.”

ती मग म्हणाली, “त्यांचं ऐकू आलं न्हाई, त्ये मशीनमुळं. बरं. पण मामा, मी तर तुमच्या खुर्चीला खुर्ची लावून बसलीवती. मी काय इचारलं?”

“नोकरीचं,” मी म्हणालो.

“नोकरीचं त्यांनी आधीच कळवलंय, करू द्या म्हनून. आण्णांनी तुमालाबी सांगितलंवतं.” तिचा आवाज चढला नव्हता. “मी इचारलं, ‘ह्या लग्नाचं तुमाला कुनी इचारलं का, का नुसतं सांगितलं? मला कुनी इचारलं न्हाई, म्हनून तुमाला इचारते.’ आई-आण्णांनी ऐकलं. आण्णा तर उठायच्या बेतात हुते. पण तुमी मान हालवली, मग त्ये बसले.”

तिनं भरल्या खोलीत, सगळ्यांसमोर, मला कुणी विचारलं नाही असं सांगितलं होतं. आणि मी एका अक्षराची चूक खोडत होतो. त्यावर आमची काहीच हरकत नाही, असं मी मामा म्हणून जाहीर केलं होतं. मला तिच्यासमोर इतकी लाज वाटली की उठून निघून जावंसं वाटलं. हेडफोनवर ढकलायला आता काही उरलं नव्हतं.

“फोन लावा,” ती म्हणाली.

मी सुभेदारांना तिथूनच फोन लावला, स्पीकरवर ठेवला. त्या दिवशी आम्हाला एक अक्षरही ऐकू आलं नव्हतं, मी नुसती मान हलवत होतो, असं सगळं सांगितलं. हेडफोनचं काढलं नाही.

“मग मास्तर, हरकत न्हाई कशाला म्हनलासा?” सुभेदारांनी विचारलं.

भाचीनं माझ्या हातातून मोबाइल घेतला.

“काका, मी बोलतीय,” ती म्हणाली. “त्यांनी काय सांगितलं त्ये तुमी सांगू नगा. मला त्यांचा नंबर द्या. मीच इचारते.”

दोन्ही घरांचं वळण त्या ओट्यावर मोडलं. सुभेदार खाकरले. मग म्हणाले, “लिवून घे पोरी,” आणि एकेक आकडा सावकाश, पहाऱ्यावरच्या आवाजात सांगितला. तिनं तो स्वतःच्या मोबाइलमध्ये घेतला आणि पायात चपला सरकवून ती बांधावरून उसाच्या कडेनं चालत गेली. विहिरीपाशी थांबली. तिची पाठ माझ्याकडं होती. एक हात मोबाइलला, दुसऱ्या हातानं उसाचं एक पान ती मुळापासून शेंड्यापर्यंत चिरत होती. कधी मान खाली घालायची, कधी वर करून लांब बघायची. एकदा ती हसल्यासारखं वाटलं, पण इतक्या लांबून तसं खात्रीनं सांगता येणार नाही.

आक्का चहा घेऊन बाहेर आली. माझ्याकडं बघितलं, विहिरीकडं बघितलं, आणि कप हातातच धरून उभी राहिली.

“काय म्हनतोय रं त्यो?” तिनं विचारलं.

“मला माहीत नाही, आक्का,” मी म्हणालो.